क्लोन म्हणजे झेरॉक्स नव्हे

क्लोनिंगचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, उद्या एखादा हुकूमशहा स्वतःच्या दहा कॉप्या काढेल. अहो, क्लोन झाला तरी जन्माला येणार ते तान्हं बाळच, आणि एकसारखी जुळी भावंडं म्हणजे निसर्गाने केलेले क्लोनच की! २००१ मध्ये टेक्सासमध्ये मांजरीचा पहिला क्लोन झाला, मूळ मांजर तिरंगी आणि पिल्लाच्या अंगावर केशरी ठिपकाही नाही. का, तर मादीच्या पेशीत दोनपैकी एक एक्स क्रोमोसोम बंद असतो आणि केशरी रंगाचा जीन नेमका त्या बंद असलेल्यावर राहिला.

खरी गंमत आणि खरी अडचणसुद्धा रीप्रोग्रॅमिंगची, म्हणजे मोठ्या झालेल्या पेशीला पुन्हा सुरुवातीच्या अवस्थेत नेण्याची आहे. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत सगळा डीएनए असतो, पण कातडीच्या पेशीत तिला लागतात तेवढेच जीन्स चालू, बाकी बऱ्याच जणांवर मिथाइलची कुलपं, म्हणजे जीन बंद ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा. क्लोनिंगमध्ये अंड्यातलं केंद्रक काढून टाकतात, तिथे ही पेशी ठेवून विजेचा हलका झटका देतात, आणि मग ती सगळी कुलपं अंड्याने घाईघाईत उघडायची. शुक्राणू तयार होताना हीच आवराआवर कित्येक आठवडे निवांत चाललेली असते. त्यात काही कुलपं अशी, की ती उघडायचीच नाहीत, कारण जीन आईकडून आला की बापाकडून याची ती खूण असते, तिला इम्प्रिंटिंग म्हणतात. एवढ्या गडबडीत काहीतरी चुकतंच, मग वार (गर्भाला पोसणारी प्लॅसेंटा) बिघडते, गर्भ पडतो, नाहीतर पिल्लू पोटातच अवाढव्य वाढतं. मोठ्या मेंढीच्या पेशीपासून क्लोन केलेल्या डॉली मेंढीच्या वेळी २७७ प्रयत्न, त्यातून २९ भ्रूण, जन्मलं कोकरू एक.

हे बाईच्या पोटी करून बघायचं? आत्मा-बित्माच्या वादात मला पडायचंच नाही, एवढा हिशोब पुरे आहे. २००२ मध्ये परग्रहवासीयांना मानणाऱ्या एका पंथाच्या कंपनीने मानवी क्लोन जन्मल्याचं जाहीर केलं, टीव्हीवाले नाचले, पुरावा आजतागायत नाही.

उपचारासाठीचं क्लोनिंग वेगळं. त्यात भ्रूण गर्भाशयात जातच नाही, काही दिवसांच्या गोळ्यातून स्टेम सेल, म्हणजे शरीरातल्या कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशी काढतात, २०१३ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला माणसाच्या पेशींवर हे जमलं. भ्रूणाला माणूस म्हणायचं का यावर सगळे भांडतात, पण अंडी येतात कुठून? बाईने हॉर्मोनची इंजेक्शनं घ्यायची तेव्हा मिळतात. कोरियात ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाचं, मानवी क्लोन भ्रूणातून स्टेम सेल काढल्याचं २००४ चं संशोधन बनावट निघालंच, वर त्यांच्याच लॅबमधल्या ज्युनिअर मुलींची अंडी घेतलेली. २००६ मध्ये जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांनी चार जीन्स घालून उंदराच्या पेशीतली कुलपं अंड्याशिवायच उघडली, म्हणजे ती स्टेम सेलसारखी झाली, पुढच्या वर्षी माणसाच्याही, आणि बऱ्याच लॅब तिकडे वळल्या.