मुलगी खो-खोला गेली की शिक्षण बुडतं?

“मुलगी मैदानात रमली की अभ्यास जातो, पुढं नोकरीलाही त्याचा उपयोग नाही.” सांगली-साताऱ्यात पालकांच्या ग्रुपवर हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. काळजीपोटीच, पण तपासला तर टिकत नाही.

खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या मुलींची नुसती तुलना पुरत नाही. खेळणारी बहुधा आधीच धडधाकट असते, घरचेही पाठीशी असतात. मग फरक खेळाचा की घराचा?

अमेरिकेत 1972 च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना मुलगा-मुलगी भेदभावाची बंदी झाली. त्यात खेळही आले. तोवर हायस्कूलच्या साधारण 27 मुलींत एक खेळायची, 1978 पर्यंत चौघींत एक. जिथं मुलगे आधीच जास्त खेळत, त्या राज्यांत मुलींचे संघ जास्त वाढवावे लागले. ही वाढ मुलींच्या हुशारीवर किंवा घरच्या पैशावर ठरली नव्हती, म्हणूनच राज्याराज्यांची तुलना अर्थशास्त्रज्ञांच्या कामी आली. त्यात दिसलं, की खेळणाऱ्या मुली शंभरात 10 ने वाढल्या, तर कॉलेजला जाणाऱ्या शंभरात सुमारे 1 ने आणि नोकरी-कामात उतरणाऱ्या 1 ते 2 ने वाढल्या. फायदा छोटा, पण तोटा नाही.

आपल्या शाळेत पडताळायचं तर जुन्या तुकडीचा पूर्ण हजेरीपट घ्या. नुसत्या पदकवाल्या नकोत, दुखापतीने किंवा लग्नाने सुटलेल्याही मोजा. शक्यतो एक खेळलेली, एक न खेळलेली अशा सख्ख्या बहिणी ताडून पाहा, म्हणजे घर तेच राहतं. आणि खेळ आठवीतला धरा. दहावीत कच्च्या मुलींचाच सराव आधी बंद होतो, उरलेल्या आपोआप हुशार दिसतात.