ब्राउझर नवा, इंजिन तेच

बऱ्याच वर्षांनी ब्राउझरच्या दुनियेत पुन्हा गजबज सुरू झाली आहे. जुलै २०२५ मध्ये पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीनं कॉमेट हा ब्राउझर आणला, ऑक्टोबरमध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं मॅकसाठी ॲटलस आणला. मधल्या काळात डिया हा ब्राउझर बनवणारी ‘द ब्राउझर कंपनी’ ६१ कोटी डॉलरला विकत घेत असल्याचं ॲटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीनं जाहीर केलं. शिवाय क्रोममध्ये जेमिनी आणि मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये कोपायलट मोड असे एआय मदतनीस येऊन बसले ते वेगळंच. प्रत्येक वेळी मथळा साधारण एकच असतो: नवा ब्राउझर आला, आता क्रोमचं कसं होणार?

गंमत अशी की कॉमेट, ॲटलस आणि डिया हे तिघंही क्रोमियमवर उभे आहेत. क्रोमियम म्हणजे क्रोम ज्यातून घडतो तो मुक्त स्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेला) प्रकल्प, आणि त्याचा सिंहाचा वाटा गूगल उचलतं. २०२४ मध्ये क्रोमियमच्या कोडमध्ये जे बदल झाले त्यातले सुमारे ९४ टक्के आपल्या लोकांनी केले, असं गूगलनं स्वतःच सांगितलं होतं. म्हणजे क्रोमला आव्हान देणारे हे ब्राउझर वेबपानं दाखवण्यासाठी गूगलचंच काम वापरतात. यात चोरी नाही की फसवणूक नाही. फक्त ब्राउझर आणि ब्राउझर इंजिन या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो, म्हणून हे विचित्र वाटतं.

सर्व्हरकडून वेबपान येतं तेव्हा तो नुसता मजकूर असतो: एचटीएमएल (पानात काय आहे), सीएसएस (ते कसं दिसावं), जावास्क्रिप्ट (ते कसं वागावं). तो वाचायचा, पानाचा सांगाडा उभा करायचा, कोणता शब्द कोणत्या ओळीत बसतो ते मोजायचं, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’सारखी जोडाक्षरं जुळवायची, चित्रं उलगडायची आणि सगळं पडद्यावर रंगवायचं. तुम्ही एखादा मेनू उघडलात की जेवढं बदललं तेवढ्याची ही सगळी उठाठेव पुन्हा. हे काम इंजिनाचं. जावास्क्रिप्ट चालवायला त्याच्या जोडीला आणखी एक इंजिन असतं: क्रोमच्या घराण्यात व्ही८, फायरफॉक्समध्ये स्पायडरमंकी, सफारीत जावास्क्रिप्टकोअर.

ब्राउझर म्हणजे याभोवतीचं सगळं. टॅब, ॲड्रेस बार, बुकमार्क, साठवलेले पासवर्ड, फोन आणि लॅपटॉपमधलं सिंक, खासगी विंडो, डाउनलोडची यादी, आधीपासून लावून ठेवलेलं सर्च इंजिन (हे आणखी तिसरंच इंजिन, त्याला इथं आणू नका), आणि आता बाजूच्या पट्टीतला एआय मदतनीस. ढोबळ नियम असा: पानाच्या चौकटीच्या आत जे घडतं ते इंजिनाचं, चौकटीबाहेरचं ब्राउझरचं. हा नियम पुढे थोडा मोडणार आहे, पण सुरुवातीला पुरेसा आहे.

या दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ॲटलसच्या रचनेत मिळतो. त्यात दिसणारी विंडो, टॅब, बटणं हे ओपनएआयनं ॲपलच्या स्विफ्टयूआय या साधनात लिहिलेलं ॲप आहे, आणि क्रोमियम त्याच्याखाली स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालतो. दोघं आपापसात निरोप पाठवत राहतात. उलट दिशेचं उदाहरण मायक्रोसॉफ्ट एजचं. एजचं नेहमीचं इंजिन क्रोमचंच, म्हणजे ब्लिंक, पण जुनाट कार्यालयीन साइटसाठी त्यात ‘आयई मोड’ आहे. तो लावला की त्याच ब्राउझरच्या त्याच विंडोत इंटरनेट एक्सप्लोररचं जुनं इंजिन कामाला लागतं. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, त्याचं इंजिन मात्र अजून नोकरीत आहे, आणि किमान २०२९ पर्यंत त्याला आधार देण्याचं मायक्रोसॉफ्टनं मान्य केलंय.

आज बाजारात डझनांनी ब्राउझर आहेत, पण ज्यांच्यावर मोठ्या संख्येनं माणसं वावरतात अशी इंजिनं तीनच: ब्लिंक, वेबकिट आणि गेको. त्यातली दोन सख्खी. केडीई या मुक्त स्रोत समूहानं १९९८ च्या सुमाराला केएचटीएमएल नावाचं इंजिन लिहायला घेतलं. ॲपलनं ते उचलून वेबकिट घडवलं आणि २००३ मध्ये त्यावर सफारी आणला. २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला तो याच वेबकिटवर. एप्रिल २०१३ मध्ये गूगलनं वेगळी चूल मांडली आणि ब्लिंक जन्माला आलं. ऑपेराकडे तोवर प्रेस्टो हे स्वतःचं इंजिन होतं. त्याच वर्षी त्यांनी ते सोडून क्रोमियमची वाट धरली. मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर २०१८ मध्ये तेच जाहीर केलं आणि जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवरचा एज लोकांच्या हाती दिला. ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट हेही त्याच रांगेतले. वेगळं उरलं ते फायरफॉक्सचं गेको.

या वंशावळीचा मागमूस आजही सापडतो. क्रोम कोणत्याही साइटला आपली ओळख सांगतो तेव्हा त्या ओळीत मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, ‘गेकोसारखा’, क्रोम आणि शेवटी सफारी अशी सगळ्यांची नावं असतात. प्रत्येक नव्या ब्राउझरला जुन्याच्या नावानं दार उघडून घ्यावं लागलं, आणि ती नावं कुणी काढलीच नाहीत.

आता ढोबळ नियम मोडू या. ब्लिंक आणि क्रोम यांच्या मध्ये क्रोमियम नावाचा एक थर आहे, आणि बहुतेक वाद तिथंच होतात. क्रोमियममध्ये ब्लिंक आहे, व्ही८ आहे, शिवाय टॅब, सेटिंग, एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या सोयी) चालवण्याची व्यवस्था असं अर्धंअधिक ब्राउझरसुद्धा आहे. जाहिरात रोखणाऱ्या एक्स्टेन्शनवरून झालेला गदारोळ घ्या. गूगलनं एक्स्टेन्शनसाठी मॅनिफेस्ट व्ही३ ही नवी चौकट सक्तीची केली. जुन्या चौकटीत एक्स्टेन्शनला प्रत्येक विनंती जागच्या जागी तपासून अडवता यायची. नव्या चौकटीत नियमांची यादी आधी ब्राउझरला द्यावी लागते आणि अडवण्याचं काम ब्राउझर करतो. २०२५ मध्ये युब्लॉक ओरिजिन या जाहिरातरोधक एक्स्टेन्शनचं मूळ रूप क्रोममध्ये बंद पडलं ते यामुळे. हा निर्णय पान रंगवण्याबद्दलचा नाही, म्हणजे काटेकोर अर्थानं इंजिनाचा नाही. पण क्रोमियममध्ये झाला म्हणून तो प्रवाहाबरोबर खाली सगळीकडे वाहत गेला. ब्रेव्हला त्याचा फटका फारसा बसला नाही, कारण त्यांची जाहिरात रोखण्याची यंत्रणा एक्स्टेन्शन नाही, रस्ट या भाषेत लिहून ब्राउझरमध्येच बसवलेली आहे. फायरफॉक्सनं जुनी सोय चालू ठेवली. म्हणून ‘जाहिराती अडवायच्या तर इंजिनच बदलायला हवं’ हे वाक्य पुरतं खरं नाही आणि पुरतं खोटंही नाही.

इंजिनाचा निर्णय म्हणजे काय ते बघायचं तर जेपेग एक्सएल या चित्रप्रकाराचं बघा. क्रोमियममध्ये त्याचा प्रायोगिक आधार होता. २०२३ च्या सुरुवातीला तो काढून टाकण्यात आला, आणि क्रोमियमवरच्या ब्राउझरांना तेव्हा स्वतः वेगळी मेहनत घेतल्याशिवाय तो परत मिळण्याची सोय राहिली नाही. त्याच वर्षी सफारी १७ नं तो स्वीकारला. किंवा वेबजीपीयू घ्या. संगणकाच्या ग्राफिक्स चिपची ताकद वेबपानाला थेट वापरू देणारी ही सोय आहे. ब्राउझरमध्येच चालणारी त्रिमितीय साधनं, व्हिडिओ संपादन, सर्व्हरला काहीही न पाठवता तुमच्याच यंत्रावर चालणारी छोटी एआय मॉडेलं यांची भिस्त आता तिच्यावर आहे. क्रोममध्ये ती मे २०२३ मध्ये आली, विंडोजवरच्या फायरफॉक्समध्ये जुलै २०२५ मध्ये, आणि सफारीत २०२५ च्या सप्टेंबरात. एखादं साधन ‘फक्त क्रोममध्ये चालतं’ असं सांगतं तेव्हा बहुतेकदा त्याचा अर्थ ‘ब्लिंकमध्ये चालतं’ एवढाच असतो, आणि एज किंवा विवाल्डी असेल तर क्रोम उतरवून घ्यायची गरज नसते. वेबपानाला यूएसबीनं जोडलेल्या उपकरणांशी बोलू देणाऱ्या वेबयूएसबीचं थोडं निराळं आहे: ते मागे पडलेलं नाही, फायरफॉक्सवाल्या मोझिलानं आणि ॲपलनं ते धोक्याचं म्हणून नाकारलंय. तिथं वाट बघण्यात अर्थ नाही.

हा फरक ओळखता आला की तक्रारीचा निपटाराही लवकर होतो. एखादी साइट क्रोममध्ये वेडीवाकडी दिसतेय म्हणून ती ब्रेव्हमध्ये उघडून बघितली तर एक्स्टेन्शन किंवा साठलेल्या कुकीचा घोळ होता का एवढंच कळतं. इंजिनाचा दोष असेल तर ब्रेव्हमध्येही तेच दिसणार. ती फायरफॉक्स किंवा सफारीत बघायला हवी. उलट पासवर्ड सिंक होत नाहीत, टॅब मेमरी खातात, होमपेज आपोआप बदललं, यासाठी इंजिनाला शिव्या देऊन उपयोग नाही.

आयफोनवर मात्र हा सल्ला निकामी ठरतो. युरोपीय संघ आणि जपान सोडले तर तिथं ॲपलच्या नियमामुळे क्रोम, फायरफॉक्स, एज सगळ्यांनाच वेबकिट वापरावं लागतं. आयफोनवर तीन ब्राउझर ठेवणाऱ्याकडे तीन वेगळे बुकमार्कचे संग्रह असतात, इंजिन एकच. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ मध्ये आयओएस (आयफोनची कार्यप्रणाली) १७.४ पासून तिथं दुसऱ्या इंजिनांना परवानगी मिळाली, पण अटी इतक्या की मोझिलानं उघड नाराजी व्यक्त केली: एकाच ॲपच्या दोन आवृत्त्या, एक युरोपसाठी आणि एक बाकी जगासाठी, सांभाळत बसायच्या. जपानच्या स्मार्टफोन कायद्यानंही डिसेंबर २०२५ पासून ॲपलला हे दार उघडायला लावलंय. हे बदल मला कोणत्याही नव्या एआय ब्राउझरपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात, जरी त्यांचे मथळे होत नसले तरी.

एकच इंजिन अनेकांनी वापरणं म्हणजे एका इमारतीतली बिऱ्हाडं. भिंतींचे रंग ज्याचे त्याचे, पण मुख्य नळ फुटला की पाणी सगळ्यांकडे. व्ही८ मधल्या ज्या त्रुटींचा हल्लेखोर आधीच वापर करत होते अशा २०२५ मध्ये एकापेक्षा जास्त वेळा उघड झाल्या. बातमीत नाव क्रोमचं येतं, पण दुरुस्ती एज, ब्रेव्ह, ऑपेरा, कॉमेट या सगळ्यांना हवी असते, आणि ती क्रोमियममध्ये झाल्यावर प्रत्येकाकडे आपापल्या वेगानं पोहोचते. लहान कंपनीचा ब्राउझर निवडताना मी तरी पहिल्यांदा हेच बघेन: क्रोमियमची नवी आवृत्ती आल्यावर यांची कधी येते? आकर्षक बाजूपट्टी नंतर.

बाजूपट्टीचा विषय निघालाच आहे तर एआय ब्राउझरांच्या सुरक्षेचंही बोलायला हवं, कारण तिथं दोन थरांची सांगड तुटते. एका साइटच्या कोडनं दुसऱ्या साइटची माहिती वाचू नये हा वेबचा मूलभूत नियम, आणि तो पाळून घेण्याची जबाबदारी प्रामुख्यानं इंजिनाची. पण एआय मदतनीस हा साइटचा कोड नव्हे. तो तुमच्या वतीनं, तुमच्या लॉगिननं, एका टॅबमधून दुसऱ्या टॅबमध्ये जाऊ शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी कॉमेटमधली अशीच एक फट दाखवून दिली. पानाचा सारांश मागितला, पानावरच्या एका टिप्पणीत दडवलेल्या सूचना मदतनिसानं मालकाचा हुकूम समजून वाचल्या, आणि तो वापरकर्त्याच्या ईमेलपर्यंत पोहोचला. इंजिनानं त्यात काहीही चूक केलेली नव्हती. त्यामुळे ‘आम्ही क्रोमियमवर आहोत, म्हणून क्रोमइतकेच सुरक्षित’ हा दावा कुणी केला तर तो चौकटीच्या आतपुरता धरावा. ज्या ब्राउझरात असा मदतनीस हातपाय हलवू शकतो, त्यात बँकेचं खातं लॉगिन करून ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हीच सांगड क्रोमच्या विक्रीच्या चर्चेतही सुटली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्चच्या बाजारात गूगलनं बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला, अमेरिकी सरकारनं क्रोम विकायला लावा असा आग्रह धरला, आणि पर्प्लेक्सिटीनं ३४.५ अब्ज डॉलरची बोलीही लावून टाकली. सप्टेंबर २०२५ मध्ये मेहतांनी विक्रीची मागणी फेटाळली. पण विक्री झाली असती तर विकलं काय गेलं असतं? क्रोम हे नाव आणि ते वापरणारी माणसं. क्रोमियमचा कोड तर आधीच सगळ्यांना मोकळा आहे. तो रोज लिहिणारे अभियंते आणि त्यांचे पगार ही खरी अवघड गोष्ट.

आणि म्हणूनच पाटी कोरी करून इंजिन लिहिण्याच्या फंदात कुणी सहसा पडत नाही. तरी दोन नावं लक्षात ठेवण्याजोगी आहेत. सर्वो हे इंजिन मोझिलानं २०१२ च्या सुमाराला रस्ट भाषेत लिहायला घेतलं. त्यातला सीएसएसचा भाग २०१७ मध्ये फायरफॉक्समध्ये गेलाही. २०२० च्या कर्मचारीकपातीत मोझिलानं सर्वोचा गट मोडला, प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि २०२३ पासून इगालिया या सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांनी त्यात पुन्हा जीव ओतला. सर्वोचा भर दुसऱ्या ॲपांमध्ये बसवण्याजोगं इंजिन होण्यावर आहे. रोज वापरायचा ब्राउझर हे त्याचं उद्दिष्ट नाही. लेडीबर्ड याच्या उलट. आंद्रेआस क्लिंग यांच्या हौशी कार्यप्रणालीतून निघालेला हा प्रकल्प, जुलै २०२४ पासून ना-नफा संस्थेच्या छत्राखाली. कोड ठेवण्याच्या गिटहब या साइटचे सहसंस्थापक ख्रिस वॉनस्ट्रॅथ यांच्या कुटुंबानं त्याला १० लाख डॉलर दिले. इथं ब्राउझर आणि इंजिन दोन्ही एकाच ठिकाणी घडतायत, आणि ब्लिंक, वेबकिट, गेको यांपैकी कशाचाही कोड त्यात नाही. लिनक्स आणि मॅकसाठी अल्फा, म्हणजे चाचणीपुरती कच्ची, आवृत्ती काढण्याचं उद्दिष्ट त्यांनी २०२६ चं ठेवलंय. ती रोजच्या वापराला पुरणार नाही. अल्फा म्हणजे अल्फाच. मात्र ‘नवा ब्राउझर’ या मथळ्याखाली इंजिनही खरोखर नवं असेल असं उदाहरण सध्या तेच आहे.