तीन पत्ते आणि चाळीस खरीप

महाभारताच्या वनपर्वात अयोध्येहून निघालेला एक रथ विदर्भाच्या वाटेवर भरधाव धावतो आहे. आत राजा ऋतुपर्ण बसला आहे. घोडे हाकणारा बाहुक म्हणजे खरा नल, फाशांच्या डावात राज्य गमावून ओळख लपवून राहिलेला. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण नुसत्या नजरेने सांगतो, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि 2095 फळं आहेत. नलाला पटत नाही. तो उतरतो, झाड तोडून मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो. हे कसं जमलं असं विचारल्यावर ऋतुपर्ण म्हणतो, मला फाशांचं मर्म कळतं आणि मोजणीतही मी निष्णात आहे. जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत.

पाच कोटी हा आकडा कवीचा आहे, तो सोडून देऊ. पण जुगाराचं मर्म आणि अंदाजाचं गणित एकाच माणसाच्या हाती असावं, ही जाण विलक्षण आहे. संभाव्यतेच्या इतिहासकारांनीही या प्रसंगाची दखल घेतली आहे. युरोपात हे गणित नीट उभं राहिलं ते 1654 साली. अर्धवट सुटलेल्या डावातले पैसे कसे वाटायचे, यावर पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना पत्रं लिहिली, तिथून.

आपल्याकडे पोळ्याच्या दिवसांत गावोगाव तीनपत्ती रंगते. इंग्लंडमधल्या थ्री कार्ड ब्रॅग या पत्त्यांच्या खेळाशी आणि त्यामुळे पोकरशीही तिचं जवळचं नातं आहे. पैसे लावून खेळणं गुन्हा आहे, त्यापायी बसलेली घरं प्रत्येक गावाने पाहिली आहेत, आणि हे वाचून कोणी डावाला बसावं असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या पत्त्यांत जे गणित आहे ते कोरडवाहू शेती करणाऱ्याच्या फार कामाचं आहे.

52 पत्त्यांतून तीन पत्ते 22,100 प्रकारे येऊ शकतात. त्यातल्या 16,440 प्रकारांत हाती काहीच नसतं, ना जोडी, ना कलर (तिन्ही पत्ते एकाच चिन्हाचे), ना रन (ओळीने येणारे तीन पत्ते). म्हणजे चारपैकी जवळजवळ तीन वेळा हात रिकामाच. जोडी 3,744 प्रकारे येते, कलर 1,096, साधी रन 720, पक्की रन (एकाच चिन्हाची) 48 आणि ट्रेल (तीन सारखे पत्ते) 52 प्रकारे. गंमत अशी की पक्की रन ट्रेलपेक्षा किंचित दुर्मीळ आहे, तरी खेळात ट्रेल वरचढ. नियम रूढीने ठरले, मोजून नव्हे.

हे आकडे ठाऊक असलेला खेळाडू बहुतेक डाव लवकर पॅक करतो, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडतो. चाल द्यायची, म्हणजे आणखी पैसे टाकायचे, की नाही हे ठरवताना तो एकच हिशेब मांडतो. मध्ये 300 रुपये पडलेत, मला 100 टाकायचेत, तर चारात एकदा तरी जिंकण्याचा संभव हवा. त्याहून कमी वाटला तर पत्ते खाली.

आता हाच हिशेब जूनमध्ये वावरात मांडून पाहा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पहिल्या सरीवरच पेरायचा मोह मात्र सुटत नाही. समजा, लवकर पेरून पाऊस टिकला तर एकरी 3,000 रुपये जास्त मिळतील आणि खंड पडला तर दुबार पेरणीचे 4,000 जातील. मग पाऊस टिकण्याचा संभव शंभरात 57 हून जास्त असेल तरच लवकर पेरणं परवडतं. आकडे ज्याने त्याने आपले घालावेत. मुख्य गोष्ट ही की "पाऊस येईल का?" हा प्रश्न अपुरा आहे. "किती खात्री असली म्हणजे परवडेल?" असं विचारलं की हवामानाचा अंदाज, शेजारच्या म्हाताऱ्याचा अनुभव आणि जमिनीतली ओल, तिघांनाही हिशेबात जागा मिळते.

आणि निकाल लागला की पारावर काय होतं? ज्याचं साधलं तो हुशार, ज्याचं फसलं तो येडा. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी 1988 साली याच सवयीवर प्रयोग छापले. हृदयाच्या एका ऑपरेशनची गोष्ट लोकांना वाचायला दिली. त्यात दगावण्याचा धोका 8 टक्के. काहींना सांगितलं रुग्ण वाचला, काहींना सांगितलं गेला. डॉक्टरकडची माहिती दोन्हीकडे तीच, निर्णयही तोच. तरी रुग्ण गेल्याचं वाचणाऱ्यांनी डॉक्टरच्या निर्णयाला कमी लेखलं.

निकालावरून अक्कल जोखायची तर किती डाव पाहावे लागतात? जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक पोकरपटूंना हरवलं. त्यासाठी 20 दिवसांत 1,20,000 डाव खेळवले गेले. एवढ्यावर भागलं नाही. नशिबाचा वाटा कमी करायला एका खोलीत माणसाला आलेले पत्ते दुसऱ्या खोलीत यंत्राला दिले जात. इतकं केल्यावर कुठे कौशल्य आणि नशीब वेगळं काढता आलं. कास्तकाराच्या आयुष्यात डाव किती येतात? चाळीसेक खरीप. तेही प्रत्येक वेळी वेगळ्या पावसाचे, वेगळ्या भावाचे. एका हंगामावरून कोणाला "याला शेती जमत नाही" म्हणणं गणिताच्या दृष्टीने निराधार आहे, आणि ते ऐकणाऱ्या माणसावर काय बेततं हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. विचारायचं तर हे विचारावं, की त्या दिवशी त्याला काय माहीत होतं आणि त्यावर त्याने काय ठरवलं.

एक चूक मात्र निकालाआधीच ओळखता येते. "एवढ्या चाली दिल्या, आता कसा पॅक करू?" गेलेला पैसा पत्ते सुधारत नाही. फरदडीच्या कपाशीत हेच घडतं. डिसेंबरनंतर ओलीत देऊन पऱ्हाटी उभी ठेवायची, कारण आधीच खूप खर्च झालाय. तिच्यावर गुलाबी बोंडअळी पोसली जाते आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्याही वावरात उतरते. 2017 मध्ये या अळीने विदर्भाची कपाशी कशी पोखरली ते सर्वांना आठवत असेल.

आता मला सर्वात महत्त्वाचं वाटणारं गणित. समजा, डाव तुमच्या बाजूचा आहे. शंभरात 55 वेळा तुम्ही जिंकता, 45 वेळा हरता, प्रत्येक वेळी सारखीच रक्कम. समोरच्याचा खिसा अथांग आहे. तुमच्याकडे एकाच डावापुरते पैसे असतील, तर कधी ना कधी कफल्लक होण्याचा संभव 82 टक्के निघतो. दहा डावांपुरते असतील, तर 13 टक्के. डाव तोच, अक्कल तीच, पत्तेही तेच. फरक फक्त खिशाचा. सुरुवातीलाच दोन डाव उलटे पडले तर लहान खिशाचा माणूस उठून जातो, आणि पुढचे चांगले डाव त्याच्या वाट्याला येतच नाहीत.

चार एकरवाला आणि चाळीस एकरवाला एकाच दिवशी एकच बियाणं पेरतात तेव्हा ते एकच डाव खेळत नसतात. म्हणून वेळेवर मिळणारं पीककर्ज हा माझ्या मते उपकार नाही, ती टिकून राहण्याची अट आहे. सावकाराच्या व्याजाने तर जिंकणारा डावही हरणारा होतो. पीकविम्याचा आधार खरा, पण भरपाई बरीचशी महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते, त्यामुळे एकट्याचं वावर गेलं तर तो पुरत नाही.

खिसा वाढवता येत नसेल तर एका डावावर लागणारी रक्कम तरी फोडता येते. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घालणारे आपले जुने लोक तेच करत होते. अट इतकीच, की दोन्ही पिकांचे वाईट दिवस वेगवेगळे हवेत. ऑगस्टमधला लांब खंड दोघांनाही मारतो, तिथे ही युक्ती थिटी पडते. पण काढणीच्या वेळी आलेला जो ऑक्टोबरचा पाऊस सोयाबीनच्या शेंगा सडवतो, तोच उभ्या तुरीला फुलोऱ्यापर्यंत पुरेल अशी ओल देऊन जातो.