हॉस्पिटल ॲट होम : डॉक्टर-नर्सचं ट्रेनिंग

ज्या पेशंटला एरवी वॉर्डात ॲडमिट करावंच लागलं असतं त्याला त्याच्या घरीच ठेवायचं, नर्स किंवा पॅरामेडिक घरी जाणार आणि डॉक्टर बराचसा राउंड व्हिडिओवर घेणार, ही पद्धत म्हणजे हॉस्पिटल ॲट होम. होम नर्सिंग वेगळं, फोनवरचा सल्ला वेगळा. इथं पेशंट कागदोपत्री ॲडमिटच असतो, शिरेतून अँटिबायोटिक, ऑक्सिजन, रक्ताच्या तपासण्या सगळं चालू असतं. न्यूमोनिया, सेल्युलायटिस (त्वचेखालचं इन्फेक्शन), हार्ट फेल्युअर, सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) हे नेहमीचे आजार.

सुरुवात कुठली धरायची यावर एकमत नाही. बरेच जण न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे हॉस्पिटलकडे बोट दाखवतात, ई. एम. ब्लूस्टोन यांनी १९४७ मध्ये तिथं घरपोच उपचार सुरू केले, आणि त्यावरूनच प्रेरणा घेऊन १९५७ च्या सुमारास पॅरिसमध्ये अशी सेवा उभी राहिली. पण माँटेफिओरेचे पेशंट मुख्यतः जुनाट आजारांचे होते, तेव्हा त्याला आजच्या अर्थाने हॉस्पिटल म्हणायचं का हा प्रश्न उरतोच. काही जण १९७४ कडे जातात, त्या वर्षी सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुप्फुसात घट्ट कफ साठणारा आनुवंशिक आजार) मुलांना घरी शिरेतून अँटिबायोटिक दिल्याचा अमेरिकन रिपोर्ट आला, मात्र ती एक थेरपी झाली, अख्खा वॉर्ड नाही. ट्रेनिंगच्या अंगाने बघितलं तर १९९० च्या दशकातलं जॉन्स हॉपकिन्सचं ब्रूस लेफ यांचं काम जास्त जवळचं वाटतं, कारण तिथं अचानक आजारी पडलेल्या म्हाताऱ्या पेशंटना ॲडमिशनऐवजी घरी ठेवलं आणि त्यासाठी टीमला मुद्दाम तयार करावं लागलं. ‘लांबून’ हा भाग त्याहून जुना आहे, ईसीजीचे जनक आइनथोव्हेन यांनी १९०६ च्या लेखात हॉस्पिटलमधल्या पेशंटचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरच्या लॅबमध्ये कसा घेतला ते मांडलं होतं.

शिकवायचं काय, तर मशीन वापरणं हा सोपा भाग आहे. अवघड आहे ते हात न लावता पेशंट ओळखणं. श्वासाचा वेग कॅमेऱ्यावर पूर्ण मिनिटभर मोजायचा, अंदाजाने आकडा टाकायचा नाही, कारण न्यूज-२ (पेशंट बिघडतोय का ते नाडी, श्वास, बीपी वगैरेंवरून जोखणारा ब्रिटिश) स्कोअरमध्ये मिनिटाला २५ किंवा जास्त श्वासांना एकट्यालाच ३ गुण मिळतात आणि तेवढ्यावर तातडीने बघावं लागतं. एका दमात आकडे मोजायला लावून धाप जोखायची युक्ती कोविडमध्ये खूप चालली, पण तिच्यावर विसंबू नका असं ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २०२० मध्येच सांगितलं होतं, तरी ती अजून वापरात दिसते हे बरं नाही. ऑक्सिमीटरचंही तसंच : २०२० च्या एका अमेरिकन अभ्यासात ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ च्या खाली ऑक्सिजन असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. शिकणाऱ्याला हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं, कारण लांबून बघताना तोच आकडा सगळ्यात जास्त डोळ्यासमोर असतो.

दुसरा मोठा भाग म्हणजे पेशंट निवडणं आणि वेळेवर परत नेणं. वॉर्डात शंका आली की चार पावलं चालून बघता येतं, इथं आधीच ठरवावं लागतं की काय झालं तर कोण निघणार आणि किती वेळात पोचणार. अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) हॉस्पिटलांना घरी असे उपचार करायला दिलेल्या सवलतीत रोज किमान दोनदा कुणीतरी प्रत्यक्ष घरी जाणं आणि गरज पडल्यास ३० मिनिटांत मदत पोचणं ही अट आहे, बऱ्याच टीम सिम्युलेशन (खोट्या प्रसंगावरचा सराव) याच अर्ध्या तासावर बेततात : नर्स पेशंटच्या घरात, डॉक्टर स्क्रीनवर, बीपी उतरतंय, आणि ‘तुम्ही बोटाने पायावर दाबा, खड्डा किती राहतो सांगा’ असं एकमेकांच्या हातांनी तपासायचं. त्यामुळे नर्स आणि डॉक्टरला एकत्रच शिकवलेलं बरं, वेगवेगळ्या वर्गात शिकवून हे जमत नाही.

घरच्या माणसांना काय सांगायचं, रात्री कुणाला फोन करायचा, शिरेतून औषध देणारा पंप वाजला तर काय करायचं हेही ट्रेनिंगमध्ये येतं, आणि घरच्यांवर किती भार टाकायचा याची मर्यादाही.