कोल्हापूर महापालिकेचा उमेदवारी अर्ज: आधी प्रभाग तपासा, मग कागद जमवा

कोल्हापूर महापालिकेत २०१० साली ७७ प्रभाग होते, २०१५ साली ८१. दोन्ही वेळा एका प्रभागाला एक नगरसेवक. शुगर मिल, लक्षतीर्थ वसाहत, सुर्वेनगर ही प्रभागांची नावे लोकांच्या अजून तोंडात आहेत. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि प्रशासक आले. २०२२ मध्ये ९२ जागांची त्रिसदस्यीय रचना झाली, पण तिच्यावर मतदान झालेच नाही. १५ जानेवारी २०२६ ची निवडणूक झाली ती २० प्रभागांत. त्यातले १९ प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाचांचा, म्हणजे जागा पुन्हा ८१च. जुना नंबर मात्र पार मोडीत निघाला. पुढे पोटनिवडणूक असो वा सार्वत्रिक, तयारीची सुरुवात त्या वेळी लागू असलेल्या प्रभाग नकाशापासून आणि हद्दींच्या वर्णनापासून करा. गल्लीची एक बाजू एका प्रभागात आणि समोरची दुसऱ्यात, असे हमखास सापडते.

अर्जावर नुसता प्रभाग क्रमांक लिहून भागत नाही. अ, ब, क, ड (पाच सदस्यांच्या प्रभागात इ सुद्धा) यातली जागाही लिहावी लागते आणि प्रत्येक जागेचे आरक्षण वेगळे असते. निम्म्या जागा महिलांसाठी. ‘सर्वसाधारण’ जागेवर महिला किंवा मागास प्रवर्गातला उमेदवारही लढू शकतो. उलटे चालत नाही. अक्षर चुकले की अर्ज भलत्याच आरक्षणावर जाऊन बसतो.

कोण उभे राहू शकते

वय २१ पूर्ण हवे आणि नाव शहराच्या मतदार यादीत हवे. कोणत्याही प्रभागात नाव असले तरी दुसऱ्या प्रभागातून लढता येते. सूचक आणि अनुमोदक मात्र ज्या प्रभागातून लढायचे त्याच प्रभागाच्या यादीतले लागतात. इथे घोळ होतो, कारण आपला मावसभाऊ किंवा तालमीतला दोस्त ‘आपल्याच भागातला’ असतो, पण नव्या रचनेत त्याचे घर पलीकडे गेलेले असते. ओळखपत्र बघून ठरवू नका. प्रभागाच्या अंतिम यादीत नाव शोधा आणि तिथलाच अनुक्रमांक अर्जावर घाला. विधानसभेच्या यादीतला भाग क्रमांक आणि हा अनुक्रमांक वेगळा असतो.

उपनगरवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. पाचगाव, उचगाव, मोरेवाडीत राहणाऱ्याच्या पत्त्यावर कोल्हापूर लिहिलेले असते, पण मत ग्रामपंचायतीत असते. २०१७ मध्ये आसपासच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण झाले, त्याने मतदार यादी बदललेली नाही.

अपात्रतेत दोन अपत्यांची अट सगळ्यात जास्त आडवी येते. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली की उमेदवार बाद. एक अपत्य असताना पुढच्या बाळंतपणात जुळी झाली तर ती एकच धरतात. महापालिकेच्या कामात ठेका किंवा हिस्सा असेल तर तेही अडते. खास नोटीस दिल्यानंतर तीन महिन्यांत महापालिकेची थकबाकी भरली नाही, तर कायद्याने अपात्रता येते. पण त्या वादात शिरण्यापेक्षा घरफाळा आणि पाणीपट्टी भरून पावती व थकबाकी नसल्याचा दाखला हाताशी ठेवणे शहाणपणाचे. संयुक्त मिळकत असेल तर वडिलांच्या किंवा भावाच्या नावावरचे बिलही तपासा.

कागद

अनामत सर्वसाधारण उमेदवाराला ५,००० रुपये, महिला आणि राखीव प्रवर्गाला २,५०० रुपये. निवडणूक खर्चासाठी बँकेत स्वतंत्र खाते अर्जाआधीच उघडा. जुने बचत खाते चालवून घ्या म्हणू नका.

शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती येते. एकही रकाना कोरा ठेवू नका. सांगण्यासारखे काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. कोऱ्या रकान्यांमुळे अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. पत्नी किंवा पतीच्या नावावरचा प्लॉट, सोने, पतसंस्थेतल्या ठेवी आणि सोसायटीचे कर्ज हेच बहुतेकदा राहून जाते.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. वैधता हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि निवडून आल्यापासून सहा महिन्यांत प्रमाणपत्र देण्याचे हमीपत्र जोडावे लागते. ही औपचारिकता समजू नये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक ठरवली, तेव्हा इथल्या दीड डझनाहून अधिक नगरसेवकांची पदे टांगणीला लागली होती. मग सरकारला कायद्यात दुरुस्ती करून मुदत वाढवावी लागली. दर वेळी तसे होईल या भरवशावर राहू नका; आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले आणि गावचे महसुली उतारे शोधायलाच महिने जातात.

पक्षाचा उमेदवार असाल तर एबी फॉर्म (पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचे पत्र) अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे मूळ, शाईच्या सहीचा पोचला पाहिजे. झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो चालत नाही. एबी फॉर्म वेळेत आला नाही आणि अर्ज बाकी नीट असला तरी पक्षाचे चिन्ह गेले.

छाननी आणि नंतर

शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. एका जागेसाठी चारपर्यंत अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच. म्हणून दुसरा अर्ज वेगळ्या सूचक-अनुमोदकाने भरून ठेवा. पहिल्यात सहीचा किंवा अनुक्रमांकाचा घोटाळा निघाला तर तो वाचवतो. छाननीला स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीने बसावे, मूळ कागद घेऊन. माघारीचा अर्ज एकदा दिला की परत घेता येत नाही.

महापालिकांच्या वर्गवारीत कोल्हापूर ‘ड’ वर्गात असल्याने खर्चमर्यादा ९ लाख रुपये. मंडप, रिक्षा, जेवणावळी सगळे रोजच्या हिशेबात धरा. निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यांनाही आणि अनामत गेलेल्यांनाही. तो न दिल्यास राज्य निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.