उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका : स्पोर्ट बाईकवाल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मे महिन्यात आमच्या धुळ्याच्या दुकानात दिवसातून एकदा तरी कोणी ना कोणी म्हणतंच, "भाऊ, ऊन फार तापलंय, टायर फुटेल. दोन-चार पॉइंट हवा कमी करून द्या." (पॉइंट म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप; खालचे हवेचे सगळे आकडे त्यातच.) आम्ही ती कमी करून देत नाही. काही ग्राहक नाराज होऊन गेले, म्हणून कारण नीट लिहून द्यावं असं ठरवलं.

टायर तापतो तो नुसत्या उन्हाने नाही. प्रत्येक फेऱ्यात तो रस्त्याला टेकतो तिथे दबतो आणि पुन्हा सरळ होतो. ही दबादबी जितकी जास्त, तितकं रबर आतून तापतं. हवा कमी असेल तर टायरची बाजू जास्त वाकते. त्यात वरून 44 अंशांचं ऊन, खाली तव्यासारखं डांबर आणि मुंबई–आग्रा हायवेवरचा वेग. म्हणजे फुटू नये म्हणून केलेली युक्तीच टायरला फुटण्याकडे नेते.

एक उदाहरण डोळ्यांसमोरून जात नाही. शिरपूरकडून एक तरुण आला, मागे मित्र बसलेला. मागच्या टायरवर तळहात टेकवला तर ठेवता येईना. गेज लावला तर 24. गाडीवरच्या कंपनीच्या स्टिकरवर 33 लिहिलेले, आणि तेही थंड टायरचे. टायर रिमवरून उतरवला तर आत काळी भुकटी पडली होती, काजळीसारखी. बाजू वाकून वाकून आतलं अस्तर घासून निघालं होतं. वरची नक्षी मात्र जवळपास नवीच. असा टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो.

हवा कधी मोजायची

सकाळी, गाडी काढण्याआधी. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आणि सावलीत. एका बाजूने ऊन लागलेल्या गाडीचं माप घेऊ नका. 29 भरलेला पुढचा टायर तासभर हायवेवर पळाला की 33 दाखवतो. ती वाढ कंपनीने आधीच धरलेली असते. गरम टायरातून चार पॉइंट सोडले तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे 25 उरतात.

घरी गेज असेल तर गरम टायरातही हिशेब जमतो. समजा घरी थंड टायरात 26 निघाले आणि हवे 29, म्हणजे तीन कमी. पंपावर पोहोचेपर्यंत तोच टायर 28 दाखवत असेल, तर 31 भरा. पंपावर 29 गाठायचे नाहीत, कमी पडलेले तीन लक्षात ठेवायचे. पंपापंपाच्या गेजमध्ये फरक असतो, म्हणून स्वतःचा एक साधा गेज बाईकच्या बॅगेत ठेवाच.

थंडीत उलटं होतं. उन्हाळ्यातल्या सकाळी भरलेले 33, जानेवारीत पारा 10 वर आला की काहीही न गळता 30 वर येतात. दिवाळीनंतर एकदा आठवणीने तपासा. एरवी पंधरा दिवसांनी.

आकडा किती, हे गाडीवर ठरतं. 150 सीसीच्या बऱ्याच स्पोर्ट बाईकना पुढे 28–29 आणि मागे 33 लागतात, तर लिटर क्लासच्या (1000 सीसीच्या आसपासच्या) अनेक गाड्यांना पुढे 36 आणि मागे 42. मित्राचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. काही गाड्यांच्या स्टिकरवर एकट्याचा आणि डबलसीटचा आकडा वेगळा असतो. तोरणमाळला दोघं जण बॅगा बांधून जाणार असाल तर डबलसीटचा घ्या. व्हिडिओत ट्रॅकवर हवा कमी करताना दाखवतात. तिथे आधी तापवलेले टायर असतात आणि दर फेरीनंतर कोणीतरी माप घेत असतं. तो आकडा नेर–साक्री रस्त्यावर चालणार नाही.

टायर निवडताना

एमआरएफ, अपोलो, सिएट की मिशेलिन, हे आम्ही शेवटी विचारतो. आधी विचारतो की रोज कुठे जाता. आपल्याकडचे रस्ते लांब आणि सरळ. धुळे–जळगाव रोज करणाऱ्याने अगदी मऊ रबराचा टायर घेतला तर तो मधोमध झिजून चपटा होतो. मग कन्नडच्या घाटात गाडी वळवताना ती आधी अडते आणि मग एकदम आत पडते. अशा ग्राहकाला आम्ही मध्ये कडक आणि कडेला मऊ असा दुहेरी रबराचा टायर सुचवतो. महिन्यातून दोनदा घाट आणि बाकी गावातच फिरणं असेल, तर मऊ घ्या, पण तो लवकर झिजेल हे धरूनच घ्या.

मापावर आमचं स्पष्ट मत आहे, कंपनीने दिलं तेच ठेवा. 140/70 आर 17 66 एच याचा अर्थ रुंदी 140 मिलीमीटर, उंची त्या रुंदीच्या 70 टक्के म्हणजे 98, बांधणी रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे), रिम 17 इंची. 66 म्हणजे तो 300 किलो भार पेलतो आणि एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतची क्षमता. मागून गाडी भरदार दिसावी म्हणून त्याच रिमवर 160 चढवला की टायर दोन्ही बाजूंनी आवळला जातो, त्याची गोलाई बिघडते, गाडी वळायला जड होते, आणि कधी चेनलाही घासतो. पुढे साधा (तिरप्या धाग्यांचा) आणि मागे रेडियल अशी जोडीही मनाने लावू नका. कंपनीनेच तशी दिली असेल तर गोष्ट वेगळी.

बाजूवरचे चार अंक बघा. 2324 म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा. आम्ही हे अंक बिलावर लिहून देतो. उन्हात उभ्या गाडीचं रबर न चालताही म्हातारं होतं. पाच वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी दरवर्षी तपासून घ्या. टीडब्ल्यूआयच्या (नक्षी किती झिजली हे दाखवणाऱ्या) खुणेपर्यंत झिजलेला टायर पावसाळ्यावर ढकलू नका. ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आलेल्या काळ्या मातीच्या चिखलावर तर नवा टायरही घसरतो.

शेतरस्त्याने जाणाऱ्यांनी बाभळीचा काटा आणि पऱ्हाटीचे खुंट लक्षात ठेवा. ट्यूबलेसमध्ये काटा रुतून बसतो आणि हवा आठवडाभर थोडी थोडी जात राहते. दर चार दिवसांनी दोन पॉइंट कमी होत असतील तर साबणाचं पाणी लावून बघा. मधल्या नक्षीतलं पंक्चर आम्ही आतून मश्रूम (छत्रीच्या आकाराचा रबरी तुकडा) लावून काढतो. बाजूचं पंक्चर काढत नाही, कितीही आग्रह केला तरी.

नवा टायर बसवताना वॉल्वही नवा घ्या. फिरण्याच्या दिशेचा बाण तुम्ही स्वतः बघून घ्या. पहिले 150 किलोमीटर गाडी सांभाळून वळवा, कारण नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो.

रोज सकाळी दुकान उघडल्यापासून दहा वाजेपर्यंत हवा मोफत मोजून देतो. जवळच राहत असाल तरच गाडी चालवत आणा, म्हणजे टायर थंड असेल. स्टिकर फाटलं असेल तर गाडीचं पुस्तक सोबत आणा.