डब्यातल्या दगडी चक्राविषयी

आमच्या मालवणच्या दुकानात हे चक्र हातात घेतलं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "शंख इथल्याच समुद्रातला ना?" हा शंखही नव्हे आणि मालवणचाही नव्हे.

हा अमोनाइट, म्हणजे कप्प्यांच्या कवचाच्या एका नामशेष समुद्री प्राण्याचा जीवाश्म, मादागास्करचा. वय सुमारे 16 कोटी वर्षं, म्हणजे ज्युरासिक काळ. कूळ पेरिस्फिंक्टिड. कवचावरच्या बरगड्या आतून एकेरी निघतात आणि बाहेरच्या कडेकडे जाताना त्यांना फाटे फुटतात, हीच खूण. त्या काळी मादागास्कर भारताला चिकटून होतं, म्हणून याचे भाऊबंद कच्छच्या खडकांतही सापडतात. आपल्या सड्यावर मात्र शोधत बसू नका. जांभ्याखालचा काळा कातळ लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. पेरिस्फिंक्टिड तोवर केव्हाच संपले होते; उरलेसुरले अमोनाइटही त्याच सुमारास गेले.

आता नात्याची गंमत. दिसायला हा थेट नॉटिलससारखा, म्हणजे आजही समुद्रात असलेल्या कप्पेदार कवचाच्या प्राण्यासारखा. पण कापलेला तुकडा नीट बघा: कप्प्यांना जोडणारी बारीक नळी बाहेरच्या कडेने जाते. नॉटिलसमध्ये ती पडद्यांच्या मधोमध असते. अमोनाइटच्या दातेरी जिभेची ठेवणही माकुलाच्या (स्क्विडच्या) जिभेशी जुळते, नॉटिलसशी नाही. म्हणजे रूप एकाचं, रक्त दुसऱ्याचं! वाळूत मिळणारा समुद्रफेस माहीत असेलच. तेही अशाच एका चुलतभावाचं कप्प्यांचं कवच, फक्त अंगाच्या आत गेलेलं.

एकाच थरात मोठं आणि लहान अशी दोन रूपं सापडतात. पूर्वी त्यांना वेगवेगळ्या जातींची नावं मिळाली. आता बहुतेक अभ्यासक मोठी ती मादी आणि छोटा तो नर मानतात. तेव्हा शेजाऱ्यांचा मोठा निघाला म्हणून आमच्याशी भांडू नये.

शाळिग्रामातलं चक्रही अमोनाइटचंच, पण शाळिग्राम नेपाळातल्या काळी गंडकीचा. आम्ही हा शाळिग्राम म्हणून विकत नाही. देव्हाऱ्यात खुशाल ठेवा, फक्त पंचामृताचा अभिषेक नको: आतलं कॅल्साइट दह्याच्या आंबटाने झिजतं. लिंबू, चिंच, आगळ यांचंही तेच. पितळेच्या समईसारखा घासून चकाकवलेला एक तुकडा आमच्याकडे परत आला होता. त्याची झिलई गेली ती गेलीच. मऊ ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडा करा.